औषधचाचण्या, संख्याशास्त्र आणि परवान्याचे अर्थकारण

२०२० च्या जानेवारी महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या औषधचाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची पूर्वी प्रसूती झालेली नाही अशा गर्भवती स्त्रियांना दररोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण घटते काय, हा त्या चाचणीपुढील प्रश्न होता. सहा देशांतील सात केंद्रांवर ११ हजार ९७६ स्त्रिया तीत सहभागी झाल्या. या सातांपैकी दोन केंद्रे भारतात होती, एक बेळगावचे आणि दुसरे नागपूरचे. ॲस्पिरिन घेणाऱ्या स्त्रियांत ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण ११.६ टक्के, तर औषध नसलेली हुबेहूब गोळी घेणाऱ्या स्त्रियांत ते १३.१ टक्के आढळले. हा दीड टक्क्याचा फरक वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु ज्या देशात दरवर्षी कोट्यवधी प्रसूती होतात आणि जेथे ही गोळी काही पैशांत मिळते, तेथे त्या दीड टक्क्याचे मोल फार मोठे आहे.

हा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्याचे काम मात्र नागपुरात झाले नाही. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने आणि बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने ज्या आंतरराष्ट्रीय संशोधनजालात भाग घेतला, त्याचे आधारसामग्री-समन्वय केंद्र अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात आहे. खेड्यापाड्यांतून स्त्रियांची नोंद करणे, त्यांची संमती घेणे, गोळ्या पोहोचविणे, प्रसूतीनंतर भेट देऊन वजन-काळ टिपणे ही सारी कष्टाची कामे येथे व्हावीत आणि जमलेल्या नोंदी समुद्रापार जाऊन तेथे त्यांचे कोष्टकांत रूपांतर व्हावे, अशी ही व्यवस्था आहे. यात कोणाचे काही चुकले असे नाही. अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीचा हिशेब एकाच ठिकाणी व्हावा लागतो. ज्या चाचण्या सर्वस्वी येथीलच प्रश्नांसाठी येथेच व्हावयास हव्यात, त्यांचा हिशेब तरी आपण येथे करू शकतो काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

औषधचाचणीतील संख्याशास्त्र म्हणजे सरासरी काढणे नव्हे. मध्येच गाव सोडून गेलेल्या रुग्णाची गणना कोणत्या गटात करावी, गोळ्या न घेतलेल्याला औषध घेतलेला मानावे काय, एखादी नोंद रिकामी असेल तर काय करावे, हे सारे चाचणी सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे लागते आणि पुढे त्या ठरावाप्रमाणे शेकडो कोष्टके निर्माण करावी लागतात. पाच वर्षांनी एखाद्या परीक्षकाने विचारले की अमुक कोष्टकातील तमुक आकडा कोठून आला, तर तोच आकडा पुन्हा तसाच काढून दाखविता आला पाहिजे. १९९८ साली मान्य झालेल्या ‘ई-९’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हीच अपेक्षा नोंदविली आहे: वापरलेले सॉफ्टवेअर भरवशाचे असावे आणि त्याची चाचपणी कशी केली याची कागदपत्रे उपलब्ध असावीत. अमुकच कंपनीचे सॉफ्टवेअर वापरावे, असे त्या मार्गदर्शिकेत कोठेही म्हटलेले नाही.

तरीही गेली कित्येक दशके औषधउद्योगात एकाच नावाचा दबदबा आहे. ते नाव म्हणजे एसएएस. त्याची जन्मकथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेकडील विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञांनी शेतीविषयक प्रयोगांचे आकडे हाताळण्यासाठी उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात ही आज्ञावली रचावयास घेतली आणि त्या कामाला तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे सार्वजनिक पैशाचे, पाठबळ होते. १९७६ साली तिचे कर्ते विद्यापीठाबाहेर पडले आणि खाजगी कंपनी उभी राहिली. (त्याच वर्षी नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. शेतीचे प्रयोग आपणही करीत होतो. पण त्यांतून अशी बाजारपेठ उभी राहिली नाही.) कंपनीने आज्ञावली विकली नाही, ती भाड्याने दिली. वर्षाचे भाडे भरावे, मग परवान्याची संगणकीय फाइल मिळते. तिच्यात संस्थेचा क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. मुदत संपली आणि नवी फाइल बसविली नाही, तर प्रथम सूचना येऊ लागतात आणि नंतर काम थांबते. मूळ भाग, संख्याशास्त्राचा भाग, आलेखांचा भाग यांचे परवाने वेगवेगळे असतात. किंमत दुकानातील फळीवर लिहिलेली नसते. ती वाटाघाटीत ठरते आणि वाटाघाटीत मोठ्या औषधकंपनीचे व विदर्भातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे वजन सारखे नसते हे उघड आहे.

ही मक्तेदारी कायद्याने लादलेली आहे, असा समज बराच पसरला आहे. तो खरा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये स्वतंत्र निवेदन काढून सांगितले की, संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी कोणतेही विशिष्ट सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती नाही. जे वापरले त्याचे नाव आणि आवृत्ती मात्र स्पष्ट नमूद करावी. गोंधळाचे कारण असे की, हे प्रशासन चाचणीतील नोंदी ज्या साच्यात मागते तो वाहक साचा एसएएसनेच तयार केलेला आहे. पण त्या साच्याची रचना जाहीर आहे आणि इतर आज्ञावलींनाही तो लिहिता-वाचता येतो. युरोपात हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. एसएएसच्या भाषेत लिहिलेले कार्यक्रम चालविणारी वेगळी आज्ञावली एका ब्रिटिश कंपनीने तयार केली, तेव्हा २ मे २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, आज्ञावलीची कार्यक्षमता आणि तिची भाषा यांवर स्वामित्वहक्क सांगता येत नाही. अमेरिकेत त्याच कंपनीला पुढे कोट्यवधी डॉलरांची भरपाई द्यावी लागण्याचा निकाल लागला, तो मुख्यत्वे परवान्यातील अटींच्या भंगावरून. पुस्तक विकत घेणे आणि परवाना घेणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे त्या दोन निकालांतून दिसते. परवान्यावर सही करणाऱ्याने तो वाचलेला असतो, असे मात्र क्वचितच घडते.

दुसरा मार्ग न्यूझीलंडमधून आला. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी १९९० च्या दशकात ‘आर’ नावाची आज्ञावली रचली. १९९५ पासून ती सर्वांना मुक्तपणे वापरता, तपासता आणि बदलता येईल अशा परवान्याखाली उपलब्ध आहे. परवानाशुल्क शून्य. २०२१ च्या नोव्हेंबरात काही औषधकंपन्यांच्या कार्यगटाने केवळ ‘आर’ वापरून तयार केलेला नमुनाप्रस्ताव अमेरिकी प्रशासनाकडे प्रायोगिक तत्त्वावर सादर केला, तेव्हापासून औषधउद्योगातील जुनी भीड बरीच चेपली आहे.

मग प्रश्न मिटला काय? मुळीच नाही. फुकट मिळणारे सॉफ्टवेअर फुकटात बसत नाही.

एक लहान उदाहरण पुरेसे आहे. २.५ या संख्येला जवळच्या पूर्णांकात मांडावयाचे झाल्यास एसएएस ३ हे उत्तर देते आणि ‘आर’ २ हे देते. दोन्ही बरोबर आहेत. पहिली शाळेत शिकविली जाणारी रीत पाळते, दुसरी बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेण्याचा आंतरराष्ट्रीय प्रमाणातील संकेत पाळते. शतमानके काढण्याच्या ‘आर’मध्ये नऊ रीती आहेत आणि तीत गृहीत धरलेली रीत एसएएसमध्ये गृहीत धरलेल्या रीतीहून वेगळी आहे. परिणामी एकाच चाचणीच्या दोन अहवालांत कोष्टकातील शेवटचा अंक वेगळा निघू शकतो. जाणकार हे हसण्यावारी नेईल. पण ज्या परीक्षकाला पाचशे पानांचा अहवाल तपासावयाचा आहे, त्याच्या मनात संशयाचे बीज पडण्यास एवढे पुरे. म्हणून सॉफ्टवेअर बसविताना कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीचे, कोणी, कोणत्या दिवशी बसविले, याची नोंद करावी लागते. उत्तर आधीच ठाऊक असलेली उदाहरणे चालवून मिळालेले उत्तर त्याच्याशी जुळते काय ते पाहावे लागते आणि त्याचा सही-तारखेसह कागद जपावा लागतो. एसएएस परवान्याबरोबर अशा तपासणीची साधने देते; किंबहुना भाड्याचा काही भाग त्यासाठीच मोजला जातो. ‘आर’च्या मूळ गाभ्यासाठीही अशा चाचण्या उपलब्ध आहेत. पण त्याच्या जोडीला जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या हजारो पूरक आज्ञावल्या आहेत, त्यांच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत असतात आणि त्यांतील प्रत्येकीचा भरवसा कोणीतरी घ्यावा लागतो. चाचणी सुरू असताना त्यांच्या आवृत्त्या गोठवून ठेवाव्या लागतात. हे काम करणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. परवान्याचे भाडे वाचले, त्याचे रूपांतर वेतनात झाले, एवढाच काय तो फरक. परंतु भाडे देशाबाहेर जाते आणि वेतन येथे राहते, हा फरक अर्थशास्त्राच्या दृष्टीने लहान नाही.

प्रत्यक्षात मात्र भाडेही वाचते आणि वेतनही वाचते, अशी तिसरी वाट अनेक शैक्षणिक संस्थांनी शोधली आहे, हे उघड गुपित आहे. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, प्रबंधात संख्याशास्त्र लागते आणि कोणीतरी पेन ड्राइव्हवर कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर आणून देतो. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. विद्यार्थ्याला हे सहसा कोणी सांगत नाही. त्याहूनही गंभीर बाब अशी की, अशा प्रतीवर काढलेल्या आकड्याचा उगम पुढे कोणालाच सांगता येत नाही. आवृत्ती कोणती, तीत काय फिरवलेले होते, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्या आकड्यावर रुग्णाला औषध द्यावे की न द्यावे हे ठरावयाचे, त्याचा पाया असा असावा हे शोभणारे नाही.

परदेशी सॉफ्टवेअरच्या देयकावर कर कसा आकारावयाचा, हा वाद आपल्याकडे जवळजवळ दोन दशके चालला. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी त्यावर पडदा टाकला: केवळ वापराच्या परवान्यासाठी परदेशी विक्रेत्याला दिलेली रक्कम ही स्वामित्वशुल्क नव्हे, त्यामुळे त्या कारणावरून तीतून करकपात करण्याचे बंधन नाही. व्यापारी कंपन्यांना त्यामुळे दिलासा मिळाला. सार्वजनिक रुग्णालयांच्या दृष्टीने या निर्णयाने भाडे थोडे सुलभ झाले, कमी झाले असे नाही.

नागपूरच्या बाबतीत ही चर्चा हवेतील नाही. १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजेच जुने मेयो, २०१८ पासून सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, शेजारी सेवाग्रामची १९६९ पासूनची संस्था आणि खाजगी महाविद्यालये, एवढी वैद्यकीय शक्ती राज्यात मुंबई-पुण्याबाहेर क्वचितच एकवटली असेल. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग गावोगावी करून १९९९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि देशाच्या आरोग्यधोरणाला त्याची दखल घ्यावी लागली. सिकल सेलचा आजार, सर्पदंश, उष्माघात हे प्रश्न विदर्भाचे आहेत. त्यांवरील औषधांची चाचणी करण्यात परदेशी कंपनीला फारसा रस असण्याचे कारण नाही. तेथे पैसा नाही. म्हणजे अशा चाचण्यांचा हिशेब करून देण्यासाठी उत्तर कॅरोलायनातून कोणी येणार नाही.

१९५६ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्रात सुरू झालेल्या चाचणीने घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, हे जगाला दाखविले, तेव्हा एसएएस जन्मालाही आले नव्हते. त्या यशाचे श्रेय यंत्राला देता येत नाही. चाचणीची आखणी आणि नोंदींची शिस्त ही माणसांची होती. आजही प्रत्येक महाविद्यालयाने आपापला परवाना घेऊन तो वर्षभर धूळ खात ठेवण्यापेक्षा नागपुरातील संस्थांनी मिळून एक संख्याशास्त्र कक्ष चालविणे शहाणपणाचे ठरेल. ‘आर’ एकदाच काळजीपूर्वक बसवून तिच्या तपासणीचे कागद सर्वांना वापरू द्यावेत. औषधकंपनीच्या करारात एसएएसची अट असेल, तेवढ्यापुरता परवाना त्या चाचणीच्या खर्चात धरून कंपनीकडूनच वसूल करावा. संख्याशास्त्राचे पदवीधर नागपूर विद्यापीठातून बाहेर पडतात आणि पुण्या-बंगळुरात जाऊन हेच काम परदेशी कंपन्यांसाठी करतात. मिहानमध्ये संगणकतज्ज्ञ आहेत. माणसे दुर्मिळ नाहीत.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. शासकीय अंदाजपत्रकात यंत्र किंवा परवाना विकत घेणे ही निविदा काढण्याची बाब आहे. तिचे नियम ठरलेले आहेत आणि मार्चअखेर शिल्लक राहिलेली रक्कम अशा खरेदीत घाईने खर्ची पडते, हे सर्वपरिचित आहे. याउलट संख्याशास्त्रज्ञाचे एखादे कायम पद निर्माण करावयाचे तर त्या प्रस्तावाला वैद्यकीय शिक्षण विभागाकडून वित्त विभागाकडे प्रवास करावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागांत संख्याशास्त्रज्ञाचे पद असते, पण त्याच्याकडे अध्यापनाचे काम असते, प्रबंधांचे असते, सर्वेक्षणांचे असते आणि चाचण्यांचे काम उरलेल्या वेळेत करावे अशी अपेक्षा असते. ‘आर’ निवडावे तर माणूस लागतो आणि माणसासाठी लेखाशीर्ष नाही. परवाना घ्यावा तर लेखाशीर्ष आहे, पण तो चालविणारा माणूस नाही.

विदर्भातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी एकत्र बसून सामायिक कक्षासाठी तीन पदांचा प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकापूर्वी पाठविला, तर निदान नकार कोणत्या टेबलावर मिळतो ते तरी कळेल.