नगरप्रशासन, खानदेशातील

जळगाव, धुळे व खानदेशातील इतर शहरांच्या नागरी सेवांची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांची यंत्रणा. पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा, साफसफाई, रस्ते व दिवाबत्ती, सार्वजनिक आरोग्य, जन्म-मृत्यूची नोंद, बांधकामावरील नियंत्रण आणि या सर्वांसाठी लागणाऱ्या करांची आकारणी व वसुली हे तिचे प्रमुख विषय होत. तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील या प्रदेशाच्या बहुतांश मैदानी भागात पाऊस बेताचा पडतो व उन्हाळा कडक असतो. त्यामुळे येथील नगरसंस्थांच्या कारभाराचा इतिहास बऱ्याच अंशी पाण्याच्या शोधाचा इतिहास ठरला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ साली धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांची इच्छा असेल त्या गावी नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली होती. धुळे येथे १८६२ मध्ये, तर जळगाव येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. याच सुमारास लोहमार्ग या प्रदेशात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापसाची निर्यात खुंटून हिंदी कापसाला मोठी मागणी आली आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. रेल्वेचे केंद्र म्हणून वाढलेल्या भुसावळ येथे १८८२ साली नगरपालिका आली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले आणि जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. पुढे या जिल्ह्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

आरंभी नगरपालिकांवर सरकारी अधिकाऱ्यांचे व सरकारनियुक्त सभासदांचे वर्चस्व असे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला व लोकनियुक्त सभासदांना स्थान मिळाले; मात्र मतदानाचा हक्क दीर्घकाळ मालमत्ता व कर यांवर अवलंबून होता. प्रौढ मताधिकार स्वातंत्र्यानंतर आला. राज्यातील नगरपालिकांना १९६५ च्या अधिनियमाने एकच कायदा लागू झाला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून अंमल) नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपविता येण्याजोगे अठरा विषय नमूद झाले. जळगाव व धुळे या नगरपालिकांचे महानगरपालिकांत रूपांतर २००३ साली झाले. १९०१ मध्ये धुळ्याची लोकसंख्या २४,७२६ व जळगावची १६,२५९ होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे ३,७५,५५९ व ४,६०,२२८ झाली. ११० वर्षांत धुळे सु. पंधरा पटींनी, तर जळगाव सु. अठ्ठावीस पटींनी वाढले.

रचना : महानगरपालिकेत धोरण ठरविण्याचा अधिकार नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेला असतो, तिचे अध्यक्षपद महापौराकडे असते. खर्चाचे व ठेक्यांचे प्रस्ताव सोळा सभासदांच्या स्थायी समितीपुढे येतात. कार्यकारी सत्ता मात्र राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असते. अर्थसंकल्पाचा मसुदा आयुक्त स्थायी समितीस सादर करतो व समितीच्या दुरुस्त्यांसह तो सर्वसाधारण सभेपुढे मांडला जातो. नगरपरिषदेत हीच विभागणी नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांच्यात आढळते. २०१८ च्या निवडणुकांत जळगावमध्ये ७५ व धुळ्यात ७४ जागा होत्या आणि दोन्ही शहरांत प्रत्येकी १९ प्रभाग होते. एका प्रभागातून तीन किंवा चार सभासद निवडले जात असल्याने गल्लीतील कामाबद्दल नेमके कोणास जबाबदार धरावे, हा प्रश्न मतदारापुढे राहतो. या सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने राज्यातील निवडणुका लांबल्या होत्या व कारभार प्रशासकांकडे गेला. अशा काळात सभा व स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती येतात; सेवा चालू राहतात, पण करवाढ वा खर्चाचे प्रस्ताव यांवर उघड चर्चा होण्याची जागा उरत नाही.

पाणीपुरवठा : पाण्याची सामाईक वाटणी ही खानदेशास नवी नाही. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्यांवर चालणारी फड पद्धती इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीपासून रूढ होती. बंधाऱ्याखालील शेतीचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घ्यावयाचे, पाण्याची पाळी लाभधारकांनी ठरवावयाची व पाटकऱ्याने ती सांभाळावयाची, असा तिचा नेम होता. तंटे व दुरुस्त्या लाभधारकच पाहत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अभियांत्रिकी कारकीर्दीचा आरंभही १८८४ साली याच भागात झाला. पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळांच्या वक्रनलिकेतून पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले होते.

नगरपालिकांनी प्रथम जवळच्या तलावांचा आधार घेतला. जळगावास मेहरूण तलावाचे पाणी नळाने आणण्यात आले होते. धुळे शहरासाठी नकाणे व डेडरगाव हे तलाव उपयोगी पडले. वस्ती वाढली तसे हे साठे अपुरे पडू लागले. जळगावने गिरणा नदीचे पाणी घेतले व पुढे वाघूर नदीवरील धरणावर योजना उभारली. धुळ्यासाठी शिंदखेडा तालुक्यातून तापीचे पाणी नळांनी आणण्यात आले, तसेच पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली. भुसावळसारखी तापीकाठची शहरे नदीवरच अवलंबून राहिली.

गावालगतच्या तलावाकडून दूरच्या धरणाकडे झालेल्या या वाटचालीचे दोन परिणाम झाले. एक, पाणी उपसणे, शुद्ध करणे व मैलोगणती वाहून आणणे यांसाठी विजेचा व देखभालीचा खर्च कायमचा मागे लागला. पाणीपट्टीतून तो भागला नाही, तर इतर सेवांचा पैसा त्याकडे वळवावा लागतो. दोन, पाण्याच्या साठ्यावर एकट्या नगरसंस्थेचा ताबा उरला नाही. धरणातील पाण्याची वाटणी राज्याचे जलसंपदा खाते करते आणि शेती, उद्योग व शहरे यांचा त्यावर एकाच वेळी हक्क असतो. टंचाईच्या वर्षी पाणी पिण्यासाठी राखून ठेवावे लागते व त्याची झळ सिंचनास पोहोचते.

रोज पाणी न देता काही दिवसांच्या अंतराने ते सोडण्याचा परिपाठ या शहरांत दीर्घकाळ राहिला आहे. याचे कारण केवळ साठ्याची तूट हे नसते. जुन्या नळांतील गळती, उंच टाक्यांची अपुरी क्षमता व सर्व भागांत एकाच वेळी पुरेसा दाब न राहणे यांमुळे शहराचे विभाग पाडून आळीपाळीने पाणी सोडावे लागते. नळ रिकामे राहिले की, गळतीच्या जागी बाहेरची घाण आत शिरण्याचा संभव असतो. घरोघरी टाक्या, हौद व पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास नेमक्या अशा साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो व अंड्यापासून डास होण्यास सु. आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ आरोग्य विभाग सांगतो, त्यामागे हे गणित आहे. पण पुढचे पाणी केव्हा येईल याची खात्री नसलेले कुटुंब साठा ओतून देण्यास धजत नाही. पाण्याचे वेळापत्रक निश्चित असणे व ते आधी जाहीर होणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

स्वच्छता व निचरा : उघडी गटारे व घरातील शोषखड्डे ही सांडपाण्याची जुनी व्यवस्था होय. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत दोन्ही शहरांचा समावेश झाला आणि नवे जलवितरण व भुयारी गटारे यांची कामे निघाली. अशा कामांत नळ, गटार व रस्ता हा क्रम पाळला गेला नाही, तर नुकताच केलेला रस्ता पुन्हा खणावा लागतो. २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी रहिवाशावर टाकली व तो वेगळाच उचलण्याची जबाबदारी नगरसंस्थेवर. यांतील एकाने हयगय केली, तर दुसऱ्याचे श्रम वाया जातात.

अर्थव्यवस्था : पूर्वी जकात हा नगरपालिकांचा मोठा आधार होता. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर ती रोख वसूल होई. त्यामुळे व्यापारी पेठांच्या तिजोरीत दररोज पैसा येत असे. राज्यातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना राज्याकडून भरपाई देण्याची तरतूद झाली. परिणामी मालमत्ता कर व पाणीपट्टी हीच संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाची मुख्य साधने उरली.

कर्ज काढून उभारलेल्या कामांचा भार कसा दीर्घकाळ राहतो, याचे उदाहरण जळगावात मिळते. १९९० नंतरच्या दशकात नगरपालिकेने घरकुल व अन्य योजनांसाठी हुडको या केंद्रीय गृहनिर्माण वित्तसंस्थेसह इतरांकडून कर्जे काढली. कर्ज थकल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आदेशाने महानगरपालिकेची बँक खाती गोठविण्याची वेळ आली. घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल २००६ साली गुन्हा नोंदविण्यात आला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले करण्यात आली. ज्यांच्यासाठी घरे बांधावयाची होती ते झोपडीवासी व ज्यांच्या करांतून कर्ज फेडावयाचे ते करदाते, या दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

रहिवाशांसाठी सेवा : मालमत्ता कर वर्षातून दोन हप्त्यांत, १ एप्रिल व १ ऑक्टोबर रोजी देय होतो. आकारणी चुकीची वाटल्यास ठरावीक मुदतीत लेखी हरकत घेता येते. हरकतीवर निर्णय होईपर्यंत तिची पोच जपून ठेवणे हितावह असते. जन्म वा मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने व त्यापुढे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला धरला जातो. म्हणून विलंबित नोंदीची खटपट टाळणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने दाखले, नळजोडणी, मालमत्तेची नोंद यांसारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. प्रत्येक कार्यालयाने सेवा, शुल्क, मुदत व जबाबदार अधिकारी यांचा तक्ता दर्शनी भागी लावावयाचा असतो. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा सबळ कारणाविना नाकारली गेली, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते; कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद आहे. ठराव, ठेके व खर्चाची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येतात.

मात्र दाखला मुदतीत मिळण्याची हमी कायद्याने दिली, तशी नळाला पाणी केव्हा येईल याची दिलेली नाही. ती गोष्ट साठा, वितरण, वीजबिल, करवसुली व सभागृहातील निर्णय या सर्वांवर एकाच वेळी अवलंबून असते. फड पद्धतीत पाण्याची पाळी लाभधारकांना ठाऊक असे व ती चुकली, तर जाब कोणास विचारावा हेही ठाऊक असे. शेकडो पटींनी मोठ्या नागरी योजनांत या दोन गोष्टी रहिवाशांना कितपत उपलब्ध होतात, यावरून खानदेशातील नगरसंस्थांच्या कारभाराचे मोल ठरते.