पटिंग

पटिंग म्हणजे गोल्फमध्ये चेंडू हवेत न उडवता ग्रीनवरून घरंगळत होलमध्ये घालण्याचे तंत्र. होलभोवतीच्या, अतिशय आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याला ग्रीन म्हणतात. यासाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट तोंडाच्या क्लबला पटर, तर प्रत्येक फटक्याला पट असे म्हणतात. मैदानाचा पार ठरवताना प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात. त्यामुळे पार ७२ असलेल्या १८ होलांच्या मैदानावर ३६ फटके, म्हणजेच निम्मे, पटिंगचे मानले जातात. हौशी खेळाडूला एखाद्या होलवर तीन पट लागतात, तेव्हा त्याचे मूळ बहुधा पहिल्या लांब पटचे अंतर चुकण्यात असते.

नियम

गोल्फचे नियम 'आर अँड ए' आणि 'युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन' या दोन संस्था संयुक्तपणे ठरवतात. होलचा व्यास १०८ मिलिमीटर (४.२५ इंच) असतो, तर चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर (१.६८ इंच) असावा लागतो. ग्रीनवरील चेंडूची जागा खुणेने दर्शवून तो उचलता व पुसता येतो. पटर शरीराला टेकवून फटका मारण्यास २०१६ पासून बंदी आहे. २०१९ च्या सुधारणांनुसार झेंड्याची काठी होलमध्ये ठेवूनही ग्रीनवरून पट करता येतो. तसेच बुटांच्या खिळ्यांमुळे ग्रीनवर उमटलेल्या खुणा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. खेळ चालू असलेल्या होलच्या ग्रीनवर चेंडू घरंगळवून पृष्ठभागाची चाचणी घेता येत नाही. म्हणून खेळापूर्वी सरावाच्या ग्रीनवर घालवलेल्या वेळेला महत्त्व आहे.

दिशा आणि अंतर

चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यत्वे आघाताच्या क्षणी पटरचे तोंड कोठे वळलेले आहे यावर ठरते. पटरच्या हालचालीच्या मार्गाचा परिणाम तुलनेने कमी असतो. सपाट ग्रीनवर ३ मीटरच्या पटमध्ये दिशा १ अंशाने चुकल्यास होलपाशी चेंडू सुमारे ५ सेंटिमीटर बाजूला जातो. होलची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर असल्याने असा चेंडू जेमतेम कडेवर पोहोचतो. तीच चूक १० मीटरच्या पटमध्ये सुमारे १७ सेंटिमीटरची होते.

अंतराची चूक याहून मोठी असते. सपाट ग्रीनवर चेंडू जितके अंतर कापतो, ते त्याच्या आरंभीच्या वेगाच्या साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग १० टक्क्यांनी वाढल्यास अंतर २१ टक्क्यांनी वाढते आणि १० टक्क्यांनी घटल्यास १९ टक्क्यांनी कमी होते. १० मीटरच्या पटमध्ये याचा अर्थ चेंडू सुमारे दोन मीटर पुढे जाणे किंवा तेवढाच मागे राहणे असा होतो. दिशेच्या १ अंशाच्या चुकीनंतर उरलेला पट सहज पूर्ण होतो. दोन मीटरच्या पटची मात्र खात्री नसते. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांच्या विश्लेषणानुसार व्यावसायिक खेळाडू सुमारे ८ फुटांवरून (२.४ मीटर) निम्मे पट यशस्वी करतात. सरासरी ९० फटक्यांत फेरी पूर्ण करणाऱ्या हौशी खेळाडूसाठी हे अंतर सुमारे ५ फूट (१.५ मीटर) आहे.

वेगाचा संबंध होलच्या उपयुक्त रुंदीशीही आहे. मंद गतीने आलेला चेंडू कडेवरूनही आत पडतो, तर वेगवान चेंडू मध्यभागातून गेला तरच पडतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सपाट ग्रीनवर होलच्या मध्यावरून जाणारा चेंडू सेकंदाला सुमारे १.६३ मीटर वेगापर्यंतच आत पडू शकतो.

ग्रीनचा वेग, गवत आणि उतार

ग्रीनचा वेग स्टिंपमीटर या उपकरणाने मोजतात. अमेरिकेतील ओकमाँट येथे १९३५ साली झालेली यू.एस. ओपन स्पर्धा पाहिल्यानंतर एडवर्ड स्टिंपसन यांनी हे उपकरण तयार केले. त्याच्या उतरत्या खाचेतून सोडलेला चेंडू सपाट भागावर किती फूट जातो, तो आकडा म्हणजे ग्रीनचा वेग होय. ज्या फटक्याने ८ वेगाच्या ग्रीनवर चेंडू ८ मीटर जातो, त्याच फटक्याने १० वेगाच्या ग्रीनवर तो सुमारे १० मीटर जातो. त्यामुळे एका मैदानावर बसलेला अंदाज दुसऱ्या मैदानावर तसाच लागू पडत नाही.

उष्ण प्रदेशांतील अनेक ग्रीनवर बर्म्युडा गवताचे वाण लावलेले असतात. मराठीत हरळी किंवा दूर्वा म्हणून ओळखले जाणारे गवत याच जातीचे आहे. त्याची पाती एका दिशेला झुकून वाढतात. पाती खेळाडूपासून दूर झुकलेली असल्यास ग्रीन चमकदार दिसते व चेंडू लांब जातो. खेळाडूकडे झुकलेली असल्यास ते गडद दिसते व चेंडू लवकर थांबतो.

खाली जाणारा पट हळू मारावा लागत असल्याने बाजूचा उतार त्याला अधिक वळवतो. चढावरील पट तुलनेने सरळ राहतो. हौशी खेळाडू हे वळण बहुधा कमी धरतात आणि त्यांचा चेंडू होलच्या खालच्या बाजूने निसटतो. या बाजूला प्रशिक्षक 'हौशी बाजू' म्हणतात.

सराव

लांब पटसाठी ६, ९ आणि १२ मीटर अशी अंतरे निवडली जातात. चेंडू होलभोवतीच्या सुमारे १ मीटर त्रिज्येच्या कल्पित वर्तुळात थांबवणे हे लक्ष्य असते. फटक्याची लय कायम ठेवून पटर किती मागे न्यायचा, यावरून अंतर नियंत्रित केले जाते. फटक्यापूर्वीच्या एक-दोन मोकळ्या हालचाली होलकडे पाहत केल्यास अंतराचा अंदाज घेणे सोपे जाते.

दिशेसाठी पटरच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतरावर दोन टी रोवून त्यांमधून फटका मारण्याचा सराव करतात. तो १ ते १.५ मीटरवरून केला जातो. घरातील गालिच्यावर हा सराव शक्य असतो. मात्र गालिच्याचा वेग ग्रीनपेक्षा वेगळा असल्याने अंतराचा अंदाज तेथे तयार होत नाही.

एकाच जागेवरून अनेक चेंडू मारल्यास सराव चालू असताना झपाट्याने सुधारणा दिसते. कौशल्यशिक्षणावरील संशोधनात, विशेषतः शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ मधील प्रयोगात, सरावाचा क्रम बदलता ठेवल्यास शिकलेले अधिक टिकते असे दिसून आले. प्रत्यक्ष खेळात एक पट त्याच जागेवरून पुन्हा मारण्याची संधी नसते. म्हणून एकच चेंडू घेऊन, प्रत्येक वेळी अंतर व उतार बदलून, तो होलमध्ये जाईपर्यंत खेळणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

पटिंगच्या सरावाने संपूर्ण खेळ सुधारतो, असा समज आढळतो. ब्रोडी यांच्या २०१४ मधील 'एव्हरी शॉट काउंट्स' या पुस्तकानुसार पीजीए टूरवरील आघाडीच्या खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या वरचढपणात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के, तर ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. तरीही पटिंगसाठी विशेष शारीरिक ताकद लागत नाही. त्यामुळे वय वाढलेल्या किंवा आठवड्यातून एखादाच तास मिळणाऱ्या खेळाडूलाही तीन पटांचे प्रसंग कमी करून फटके वाचवता येतात.