मेपलची पाने आणि मुळांतील संचित

जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेस, सैतामा शहरात ओमिया नावाचा परिसर आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतील काही बोन्सायकार चांगली माती, स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा यांच्या शोधात येथे आले. १९२५ मध्ये येथे त्यांचे बोन्साय-ग्राम वसले आणि २०१० मध्ये याच परिसरात बोन्सायला वाहिलेले सार्वजनिक संग्रहालय उघडले. अशा बागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वामनवृक्षांत मेपलला, म्हणजेच ‘मोमिजी’ला, मानाचे स्थान असते.

शरद ऋतूत लालबुंद होणारी मेपलची पाने हाताच्या पंजासारखी असतात. जमिनीतील वृक्षावर ती चार ते बारा सेंटिमीटर लांब वाढतात. गुडघाभर उंचीच्या झाडावर मात्र एवढे मोठे पान विजोड दिसते. म्हणून ग्रीष्माच्या आरंभी, वसंतातील पालवी पूर्ण पक्व झाल्यावर, बोन्सायकार ही पाने कात्रीने छाटतो. या क्रियेस ‘हागारी’ म्हणतात. पान कापले तरी देठ राखला जातो, कारण त्याच्या बेचक्यात एक सुप्त कळी दडलेली असते. काही दिवसांत देठ वाळून आपोआप गळतो, कळी जागी होते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नवी पालवी फुटते. ही पाने आकाराने लहान असतात, डहाळ्या अधिक नाजूक व दाट होतात आणि शरदातील रंगही उठून दिसतो.

हिरव्यागार झाडाची पाने छाटणे प्रथमदर्शनी निर्दयपणाचे वाटते. त्यात जोखीमही आहे. पान हे झाडाचे अन्न तयार करण्याचे साधन होय. ते गेल्यावर नवी पालवी केवळ मुळांत आणि खोडात साठलेल्या अन्नाच्या बळावर येते. हे संचित अपुरे असेल, तर कळ्या उमलत नाहीत, डहाळ्या वाळतात आणि अनेक वर्षांच्या श्रमांनी घडवलेली एखादी फांदी कायमची गमवावी लागते. म्हणूनच रोगट किंवा अशक्त झाडाला, तसेच त्याच वर्षी कुंडी बदललेल्या झाडाला कात्री लावत नाहीत. निरोगी झाडाचीही दरवर्षी पर्णछाटणी करीत नाहीत.

जाणकार बोन्सायकार बहुधा सर्वच पाने काढत नाही. शेंड्याकडील जोमदार फांद्यांची पाने तो छाटतो आणि आतील दुबळ्या डहाळ्यांची राखतो. त्यामुळे आत ऊन पोहोचते आणि मागे पडलेल्या डहाळ्यांना बळ मिळते. छाटणीनंतर पाण्याचे प्रमाणही कमी करावे लागते. पाने नसल्याने बाष्पोत्सर्जन घटते आणि कुंडीत पाणी साचल्यास मुळे कुजतात. जपानमधील पावसाळी दिवसही याच सुमारास येत असल्याने झाडास आडोशाला ठेवावे लागते.

थंडीतील विश्रांतीची गरज असलेला हा वृक्ष महाराष्ट्राच्या उष्ण मैदानी प्रदेशात सहसा रमत नाही. तथापि, आपल्याकडे वड आणि उंबर यांच्या बोन्सायवरही पर्णछाटणी केली जाते. तेथेही पहिला प्रश्न हाच असतो: झाडापाशी पुरेसे संचित आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या वर्षी कात्री बाजूला ठेवून झाडास खत, ऊन आणि अवधी देणे, हेच खरे कौशल्य ठरते.