लाकूड ओळखू या (लेखांक ६) : रंगावर जाऊ नका

देवळ्याकडचं जुनं धाब्याचं घर उतरवायला घेतलं की आधी वरची माती निघते, मग कड्या आणि सर खाली येतात. सगळं लाकूड एकजात काळं. घेणारा येतो, हात फिरवतो आणि ठोक भावात सौदा उरकतो. यात बहुधा विकणाराच बुडतो. सुरगाणा-डांगचं जंगल फार लांब नाही, त्यामुळे ऐपतदाराच्या घरात साग असतोच. पण त्याच ढिगात बांधावरची बाभूळ असते, निंब असतो, क्वचित शिसवही. चुलीच्या धुरानं सगळ्यांना एकाच रंगात आणलेलं असतं.

रंधा मारून पाहिलं तर? थोडी मदत होते, पण जपून. नुकताच कापलेला साग हिरवट, डागाळलेला दिसतो. उजेडात राहिला की सोनेरी तपकिरी होतो. बाभळीचा गाभा आधी गुलाबीसर, मग तांबूस. शिवाय कडेचं पांढरं लाकूड बघून कुठल्याही झाडाबद्दल मत बनवू नये, ते बहुतेकांचं फिकटच असतं. फळीवरच्या रेषाही फसव्या. एकाच ओंडक्याची एक फळी सरळ रेघांची निघते, दुसरीवर टोकदार कमानी उमटतात. करवत कुठून गेली त्यावर ते ठरतं.

खरी ओळख आडव्या छेदात आहे. तुळईच्या टोकाचा नखाएवढा भाग नव्या ब्लेडनं तासा. पॉलिश कागद वापरू नका, त्याच्या भुशानं छिद्रं बुजतात. बोटानं पाणी लावा आणि दहापट भिंग डोळ्याशी धरून लाकूड जवळ आणा.

साग असेल तर मोठ्या छिद्रांच्या ओळी दिसतील, वर्षाला एक. हंगामाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी, नंतरची बारीक. म्हणून वलय उठून दिसतं. तासताना चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. बाभळीत अशा ओळी नसतात. छिद्रं विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. एकदा ते कडं पाहिलं की पुन्हा विसरत नाही. शिसवीतही छिद्रं विखुरलेलीच, पण गाभा जांभळट तपकिरी आणि त्यात काळ्या रेघा. हेदूची छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना लाकूड सपाट पिवळं भासतं. खानदेशातल्या अंजनाला तर भिंगही नको: वाळलेला तुकडा बादलीत टाका, तळाशी जातो. साग तरंगतो.

भिंगाची मजल इथवरच. ऐन आणि अर्जुन ही एकाच कुळातली भावंडं, त्यांचा आडवा छेद पाहून पैज लावणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. उभं झाड असेल तर पान, साल, फळ पाहून निकाल लागतो, पण तुळईला पान कुठून आणायचं? अशा वेळी लाकडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. १९०६ साली स्थापन झालेली देहराडूनची वन संशोधन संस्था हे काम करते. नमुना पाठवायचा तर गाभ्याचा, न किडलेला आणि पॉलिश न लागलेला तुकडा निवडा.

पुढच्या आठवड्यात : सागाच्या नावानं विकलं जाणारं लाकूड.