स्वमग्न मुलगा आणि आपला कारखाना

दुकानात माणसे किती लागतात याचा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याच्या डोक्यात पक्का असतो. पण घरात विशीला आलेला, कमी बोलणारा, एकाच कामात तासन्‌तास रमणारा मुलगा त्या हिशेबात कुठेच नसतो. ‘तो तसाच आहे’ म्हणून विषय संपतो. आम्ही त्याच्याविषयी मुद्दाम व्यापाराच्या पानावर लिहीत आहोत.

ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, तीच स्वमग्नता. लिओ कॅनर यांनी 1943 साली तिचे वर्णन केले. हा आसेब नव्हे, नजर नव्हे, वेडही नव्हे. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची संस्था आहे, पण ती रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी. स्वमग्नता ही जन्मापासूनची मेंदूची वेगळी घडण आहे. ताविज-गंड्यांवर हजारो रुपये उडवणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावे.

अशा माणसाला आवाज, उजेड, वास आपल्यापेक्षा फार तीव्र लागू शकतात. आता कुंभिवलीचा परिसर पाहा. खालापूर तालुक्यातून एक्स्प्रेस वे जातो, आसपास कारखाने आहेत. आपल्याला कॉम्प्रेसरची घरघर ऐकूही येत नाही, त्याच्या मात्र ती डोक्यात घुसते. तो कानावर हात ठेवून पळाला की आपण त्याला आडमुठा ठरवतो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. शिलाईचे दुकान असो की गॅरेज, त्याची जागा यंत्रापासून दूर, भिंतीकडे तोंड करून द्यावी. लुकलुकणारी ट्यूब बदलावी. कारखान्यात वापरतात तेच कान झाकणारे मफ त्याला द्यावेत. काम रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने असावे. पायऱ्यांची चित्रे भिंतीवर लावावीत. जोहरच्या नमाजची सुट्टी असो की लवकर बंद करायचे असो, बदल आधी सांगावा. हुकूम एका वेळी एकच, सरळ शब्दांत. टोमणा किंवा थट्टा त्याला कळेलच असे नाही. घाबरला तर पाच मिनिटे बसायला एक शांत कोपरा हवा. नट-बोल्ट मापाने निवडणे, बटणे मोजणे, पॅकिंग अशा कामांत काही जण आपल्या जुन्या कारागिरालाही मागे टाकतात. सगळेच नाही. काहींना आयुष्यभर सांभाळावेच लागते, हेही खरे. पण काम घेतले तर मजुरी द्यावी. चहा-नाश्त्यावर भागवणे हा व्यवहार नव्हे.

अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. जनावर कशाला बिचकते, हे त्यांनी बारकाईने टिपले आणि कत्तलखान्यांसाठी वळणाचे मार्ग आखले. आमच्या खाटीक बांधवांनी हे नाव लक्षात ठेवावे. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. तिथे जाऊन कामाची पद्धत पाहता येईल.

आता वारशाचा प्रश्न. ‘त्याला व्यवहार कळत नाही’ म्हणून भाऊ स्वमग्न भावाचा हिस्सा गिळतात, हे आपल्याकडे घडते. शरीअतने त्याचा हिस्सा कमी केलेला नाही. ज्याला माल सांभाळता येत नाही त्याला त्यातूनच खाऊ घाला, कपडे द्या आणि त्याच्याशी नीट बोला, असा हुकूम सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे. कायद्याचीही सोय आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे.

मात्र यासाठी दाखला लागतो. त्याकरिता अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी आणि वार आधी विचारून जावे. कुंभिवलीहून एक दिवस मोडतो. रांगेत मुलगा बिथरतो, म्हणून सोबत दोघे असावेत: एक रांगेत, दुसरा मुलाबरोबर बाहेर झाडाखाली.