पडद्यावरचं यंत्र आणि हातातलं लोखंड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चांदूर बाजारसारख्या गावात वेल्डिंगची दुकानं बरीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, डवरे, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं तिथे तयार होतं. पूर्वी यातल्या बहुतेक वस्तूंचा नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात असायचा, फार तर जमिनीवर खडूनं आखलेला. आता मागणी देणारा विचारतो, ‘कॅडवर काढून देता का?’ मी यंत्रांचे असे नकाशे काढून देतो. म्हणून या कॅडचे गुण कोणते आणि ते डोकेदुखी कुठे ठरतं, ते आज सांगतो.

कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीनं केलेलं आरेखन. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधकानं प्रकाशलेखणीनं थेट पडद्यावर आकृती काढून दाखवली. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि साध्या संगणकावरही हे काम होऊ लागलं. त्याआधी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन. ट्रेसिंग पेपरवर एक रेघ चुकली की ती ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. माप बदललं तर अख्खा कागद नव्यानं.

आता तुरी-हरभऱ्याचं मळणी यंत्र घ्या. संगणकावर मी त्याचा ड्रम, चाळणी, शाफ्ट, सांगाडा हे भाग वेगवेगळे घडवतो आणि पडद्यावरच जोडतो. मापं एकमेकांना बांधलेली असतात. ड्रमची लांबी वाढवली की शाफ्ट, सांगाडा आणि वरचं झाकणही आपोआप वाढतं. बेअरिंगचा बोल्ट सांगाड्याच्या अँगलला अडत असेल तर ते लोखंड कापण्याआधीच कळतं. वजनही निघतं. दोन मीटर बाय एक मीटरचा तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा ४७ किलो भरतो, चार मिलिमीटरचा सुमारे ६३ किलो. म्हणजे एका मिलिमीटरच्या हौसेपायी दर पत्र्यामागे सोळा किलो लोखंडाचे पैसे जातात. असा हिशेब पूर्वी रात्र रात्र चाले. बोइंग ७७७ या विमानाचं आरेखन असंच संगणकावर झालं आणि १९९४ साली ते उडालं.

मग कटकट कुठे येते? पहिली गोष्ट, संगणकाला लोखंड ठाऊक नसतं. पडद्यावर कोपरा अगदी काटकोनात वळतो, प्रत्यक्षात पत्रा वळताना ताणला जातो. तीन मिलिमीटरच्या पत्र्याला बाहेरून शंभर-शंभर मिलिमीटरच्या दोन बाजू हव्या असतील तर पट्टी दोनशेची कापून चालत नाही, साधारण १९५ ची लागते. नेमका आकडा पत्र्यावर आणि वाकवायच्या साच्यावर ठरतो. तो मिस्त्रीला विचारूनच संगणकाला सांगावा लागतो. एकदा एका वेल्डरनं माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, चित्र लय भारी हाये, पण वेल्डिंगचा होल्डर आत घालू कुठून?’ हा प्रश्न पडद्यानं मला कधीच विचारला नसता.

दुसरी गोष्ट, दृश्यं मांडायची पद्धत. आपल्याकडे शाळा-कॉलेजात शिकवतात ती प्रथम कोन पद्धत. तिच्यात उजव्या बाजूचं दृश्य डावीकडे मांडतात. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत, तिथे बरोबर उलट. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मुळात अमेरिकन पद्धत बसवलेली असते. कोपऱ्यातलं छोटं चिन्ह न पाहता काम केलं की कडी डाव्याऐवजी उजव्या अंगाला बसते. मापांचंही तसंच. कापणाऱ्या यंत्रानं मिलिमीटरच्या जागी इंच धरले तर वस्तू पंचवीसपटीहून मोठी निघते.

तिसरी कटकट फायलींची. नव्या आवृत्तीत जपलेली फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. सर्वांना चालेल अशा स्वरूपात पाठवली तर आकार पोचतो, पण तो कोणत्या पायऱ्यांनी घडवला ते पुसलं जातं; एक भोक बदलायचं तर समोरच्याची दमछाक. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. एअरबस ए-३८० या विमानात सुमारे पाचशे किलोमीटर तारा. जर्मनीतले अभियंते एका सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर, फ्रान्समधले नव्या आवृत्तीवर. जोडणीच्या वेळी तारा आखूड पडल्या, आणि २००६ साली विमानं देण्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या.

खर्चाचंही बोलायला हवं. ऑटोकॅडची कंपनी २०१६ पासून एकदाच पैसे भरून कायमचा परवाना विकत नाही; वर्षाची वर्गणी भरावी लागते. लहान दुकानाला ते जड जातं आणि मग चोरीची प्रत वापरायचा मोह होतो. त्याला पर्याय आहे. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर २००२ पासून घडत आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आधी त्यात एक जुनी खोड होती. सुरुवातीचं माप बदललं की कडांचे क्रमांक बदलत आणि पुढचं भोक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे. ही खोड आता बरीच आटोक्यात आली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो. मळणी यंत्रात पेंढ्या सारायचा पत्र्याचा पन्हाळ असतो. भारतीय मानकानुसार त्याची लांबी किमान ९०० मिलिमीटर हवी आणि त्यातला ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा. कारण सरळ आहे, माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचू नये. या यंत्रांत हात गमावलेल्या मजुरांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. पत्रा वाचवायला कोणी हा पन्हाळ सहाशेचा केला, तर संगणक चकार शब्द काढत नाही. उलट झटकन नवा नकाशा, नवं वजन आणि कमी झालेला खर्च दाखवतो. ९०० हा आकडा का आहे, ते माणसालाच माहीत असावं लागतं.

म्हणून कॅडच्या वर्गात मुलं घालणाऱ्या पालकांना माझं सांगणं असं. मुलांना आज्ञा जरूर शिकवा; त्यावर नोकरी मिळते. पण सुटीत त्यांना महिनाभर वेल्डिंगच्या दुकानातही बसवा. पत्रा वाकताना पाहू द्या, मोजपट्टी हातात घेऊ द्या, आणि ते यंत्र रोज चालवणाऱ्या मजुराशी बोलू द्या.