शिडाच्या नौकेतील तारांचे जाळे

उचगावात राहणाऱ्यास समुद्र दिसत नाही. तथापि तो आपणांस अगदीच परका आहे असेही नव्हे. उचगाव फाट्यावरून जाणारा बेळगाव-वेंगुर्ला रस्ता अखेर बंदरालाच मिळतो. आपल्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. त्या मांडवीतील दिवाडी बेटावर श्री. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादई' आणि 'तारिणी' या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या. 'म्हादई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. 'तारिणी'तून 2017-18 मध्ये नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी जग पालथे घातले. पुढे 2 ऑक्टोबर 2024 रोजी त्याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी गोव्यास परतल्या.

या प्रवासात 30 जानेवारी 2025 रोजी त्यांनी 'पॉइंट निमो' हे ठिकाण ओलांडले. तेथून सर्वांत जवळची जमीन सुमारे 2,688 किलोमीटर दूर आहे. अशा जागी एखादी तार तुटली, तर कोणत्या तारतंत्र्यास बोलवावयाचे? म्हणूनच अशा नौकेत तारा कशा नेतात, हा विषय आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

शीड वाऱ्यावर चालते हे खरे. परंतु वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहतो, पाणी किती खोल आहे, नौका कोठे आहे, हे सांगणारी उपकरणे आज नौकेत असतात. शिवाय सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र असते. या यंत्राला वाऱ्याची व दिशेची वार्ता सतत पोहोचावी लागते. प्रत्येक उपकरणापासून दुसऱ्या प्रत्येक उपकरणापर्यंत निराळी तार ओढू लागलो, तर नौकेत माणसांस जागाच उरणार नाही. यावर 'एन.एम.ई.ए. 2000' या प्रमाणपद्धतीने सोपा तोडगा काढला आहे. आपल्या शेतातील पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणावे. मुख्य पाट एकच. त्यातून प्रत्येक वाफ्याकडे लहान दांड फुटतो. तसेच येथे एकच मुख्य तार नौकेच्या लांबीभर जाते आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या जोडांतून प्रत्येक उपकरणाकडे आखूड फाटा फुटतो. मुख्य तारेच्या एकाच आवरणात संदेशाच्या दोन तारा, विजेच्या दोन आणि संरक्षक जाळीची एक अशा पाच तारा असतात.

मात्र या पाटाला काही नियम आहेत. बारीक जातीची मुख्य तार 100 मीटरांहून अधिक लांब नसावी आणि कोणताही फाटा 6 मीटरांपुढे जाऊ नये. आता 'तारिणी'एवढी नौका घेऊन हिशेब करू. लांबी 56 फूट, म्हणजे सुमारे 17 मीटर. डोलकाठी 25 मीटर. वाऱ्याचे उपकरण डोलकाठीच्या टोकाशी असते. 6 मीटरांचा फाटा तेथवर कसा पोहोचावा? उत्तर असे की, तेथे फाटा न्यावयाचाच नाही. मुख्य तारच डोलकाठीतून वर चढवावयाची आणि तिचा शेवट टोकाशी करावयाचा. 17 आणि 25 मिळून 42 मीटर झाले. म्हणजे मर्यादेच्या आतच राहिलो.

विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी उठतो. तारेच्या मोकळ्या टोकावर आदळून संदेशही असाच मागे फिरतो आणि नव्या संदेशात मिसळून घोटाळा करतो. म्हणून मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध बसवितात. हे दोन रोध समांतर जोडणीत असल्याने वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मापन केले, तर 60 ओहम दिसावयास हवेत. 120 दिसले, तर एक रोध निखळला आहे किंवा मुख्य तार मध्येच तुटली आहे असे समजावे. 40 दिसले, तर कोणीतरी तिसरा रोध बसविला आहे! वर्गातील समांतर जोडणीचे गणित भरसमुद्रात असे कामास येते.

तारेचा मार्ग ठरविताना तीन शत्रूंची आठवण ठेवावी. पहिला शत्रू खारे पाणी. तार नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच न्यावी. तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली तार घ्यावी. उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडून झिजते. जोडाच्या आधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी जोडात न शिरता तेथूनच गळून पडते. दुसरा शत्रू घर्षण. नौका क्षणभरही स्थिर नसते. म्हणून लाकडी अथवा धातूच्या पडद्यातील छिद्राला रबरी कडे बसवावे, तार थोड्या थोड्या अंतरावर बांधावी आणि डोलकाठीत ती नळीतून न्यावी. तिसरा शत्रू अदृश्य आहे. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखविले. विजेची तार होकायंत्राजवळून नेल्यास सुई फसते. आणि दिशेत एका अंशाची चूक झाली, तर 60 मैलांवर नौका सुमारे एक मैल बाजूस जाते. तेव्हा अशा तारा दूर ठेवाव्यात. जवळून न्याव्याच लागल्या, तर जाणारी व येणारी तार एकमेकींस पिळून न्यावी, म्हणजे त्यांची चुंबकत्वे एकमेकांस पुष्कळशी निष्प्रभ करतात. रेडिओच्या जाड तारा ओलांडावयाच्या, तर काटकोनातच ओलांडाव्यात.

अखेरचे काम सर्वांत साधे, पण अनेकदा राहून जाणारे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस नाव लिहावे आणि संपूर्ण मार्गाचा आराखडा नौकेतच ठेवावा. तार बसविणारा किनाऱ्यावर राहतो. ती दुरुस्त करण्याची वेळ येते काळोख्या रात्री, हेलकावणाऱ्या नौकेत, दुसऱ्याच कोणावर तरी. तेथे मदतीस येते ती बंदरात असतानाच स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवलेली एक चिठ्ठी. दूरच्या माणसाची अडचण आधीच ओळखून आपले काम नीट करणे, हे त्या चिठ्ठीचे मर्म होय. ते उचगावात बसूनही शिकता येते.